दोनशे फुटांचा कायदा, नऊशे फुटांची बोअर

मामाच्या शेतात बोअर पाडली ती एप्रिलमधली रात्र. बीड जिल्ह्यातलं गाव, वीज नव्हती, पण रिगच्या दिव्यांनी अख्खं शिवार उजळलेलं. दोन गाड्या होत्या, दोन्ही तमिळनाडू पासिंगच्या. एकीवर मशीन आणि लोखंडी रॉड, दुसरीवर कॉम्प्रेसर. तिकडं तिरुचेंगोडे नावाचं गाव आहे, तिथल्या रिगा अर्ध्या भारतात जमिनीला भोकं पाडत फिरतात. ऑपरेटरला मराठी येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. फूट आणि रुपये हे दोनच शब्द दोन्ही बाजूंना पुरत होते.

पाणाड्यानं दिवसा नारळ तळहातावर ठेवून जागा दाखवली होती. मामा खाटेवर बसून रॉड मोजत होते. अडीचशे फुटांवर थोडी ओल आली, तशी चहाची ऑर्डर गेली. मग पुन्हा कोरडी पांढरी भुकटी, तासन् तास. चारशे. सहाशे. प्रत्येक शंभराला ऑपरेटर मामाकडं बघायचा आणि मामा नुसतं बोटानं 'खाली' दाखवायचे. आठशे ऐंशीला इंचभर पाणी लागलं, तेव्हा पहाट झाली होती.

मी तेव्हा म्हणालो, "मामा, शेतीसाठी दोनशे फुटांच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे."

"तुझं शहाणपण ठेव तिकडं," मामा म्हणाले. "शेजारच्यानं साडेआठशे मारलीय. माझी विहीर त्याच्यामुळंच आटली. मी काय टाळ वाजवत बसू?"

मामांचं हे वाक्य भूजलाच्या सगळ्या राजकारणाचा अर्क आहे असं मला वाटतं. पण ते नीट कळायचं तर आधी थोडं जमिनीखाली उतरायला लागेल.

खडक किती पाणी धरतो

जमिनीखाली नद्या वाहतात, योग्य जागी भोक पडलं की त्या सापडतात, असा समज आपल्याकडं पक्का आहे. पाणाड्याचा धंदा त्यावरच चालतो. महाराष्ट्राच्या बाबतीत तो बहुतेक ठिकाणी चुकीचा आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा एकावर एक थरांनी पसरला आणि थिजला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळं सच्छिद्र राहिला, खालचा घट्ट काळा पाषाण झाला.

हे बघायला भूगर्भशास्त्र शिकावं लागत नाही. एखाद्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या उतरा. मामाची जुनी विहीर पंचेचाळीस फुटांची आहे. वर चार-पाच फूट काळी माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, ज्याच्या भेगांतून झरे फुटतात, आणि तळाशी काळा पाषाण. आजोबांच्या पिढीला एवढं माहीत होतं की पाषाण लागला की थांबायचं, त्याच्या खाली उकरण्यात अर्थ नाही. त्यानंतरच्या पिढीनं विहिरीच्या आतून चहूबाजूंना आडवे बोअर मारले. त्यांचे पाइप अजून भिंतीतून बाहेर आलेले दिसतात. आणि त्यानंतरच्या पिढीनं, म्हणजे मामानं, थेट रिग बोलावली.

आपल्या खडकाची खरी अडचण त्याच्या पोटाची आहे. शंभर घागरी मावतील एवढा खडक घेतला, तर त्यातून उपसता येणारं पाणी साधारण एक ते तीन घागरी. बाकी सगळा दगडच. नदीकाठच्या जाड गाळात हेच प्रमाण कितीतरी पट जास्त असतं. म्हणून तापीकाठच्या रावेर-यावलमध्ये केळीला इतकी वर्षं पाणी पुरलं. तिथंही आता पातळी खोल गेलीय, तो भाग वेगळा.

पोट लहान असण्याचा एक मजेशीर परिणाम होतो. समजा, ६०० मिलीमीटर पाऊस झाला. आपल्या लाव्हाच्या, म्हणजे बसाल्ट खडकात त्यातलं साधारण सात ते चौदा टक्के पाणी मुरतं असं धरतात. सोयीसाठी दहा टक्के धरू, म्हणजे ६० मिलीमीटर. खडकात दोन टक्केच जागा असेल तर तेवढंसं पाणी विहिरीची पातळी तीन मीटर, म्हणजे दहा फूट वर आणतं. एक बरा पावसाळा झाला की विहिरी तुडुंब. आणि उपसा सुरू झाला की त्याच वेगानं तळाला. त्यामुळं आपल्याकडची भूजलाची चिंता दर सप्टेंबरला मावळते आणि दर मार्चला नव्यानं उगवते. मधल्या सहा महिन्यांत कुणाला आठवणही नसते.

आठशे फुटांवरच्या पाण्याचं गणित मात्र वेगळं. तिथं पाणी असतं ते खोल भेगांमध्ये. ते भरायला वर्षानुवर्षं लागतात. पहिल्या वर्षी दोन इंच, दुसऱ्या वर्षी इंच, तिसऱ्या वर्षी मोटर हवा ओढते, हा अनुभव मोर्शी-वरुडच्या संत्रावाल्यांना विचारा. शिवाय बोअरला वरचे काही फूटच केसिंग, म्हणजे आतून बसवलेला पाइप, असतं. त्याखालचं भोक उघडं. वरच्या थरातलं पाणी, जे पूर्वी झऱ्यातून शेजारच्या विहिरीत यायचं, ते या भोकातून खाली पडत राहतं. मामा शेजाऱ्याला दोष देतात तो उगाच नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पावसाळा संपल्यावर ओढ्या-नद्यांना जे पाणी असतं ते आभाळातून आलेलं नसतं, काठच्या जमिनीतून पाझरलेलं असतं. "आमच्या लहानपणी नदीला होळीपर्यंत पाणी असायचं," असं म्हणणारी माणसं प्रत्येक गावात भेटतात. ती नदी कुणी चोरली नाही. तिला पाजणारं पाणी आपण वरच्या वर उपसलं.

उसाच्या एका एकराचा हिशेब

भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आहे. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर, आणि त्यातलं सुमारे ८७ टक्के शेतीला जातं. असे आकडे वाचून डोक्यात काही उमटत नाही, म्हणून एका एकरावर येऊ.

वरच्याच उदाहरणात एका एकरात मुरणारं पाणी होतं सुमारे २ लाख ४३ हजार लिटर. आता उसाला वर्षभरात दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचं चारशे मिलीमीटर थेट मिळालं असं धरून ते वजा करा. उरलेलं सोळाशे मिलीमीटर म्हणजे एकरी सुमारे ६५ लाख लिटर. भागाकार केला तर उत्तर येतं सव्वीस-सत्तावीस. कमी पावसाच्या भागात विहिरीवर वाढलेला एक एकर ऊस सत्तावीस एकरांत मुरलेलं पाणी पितो. पाटपाण्यातलं काही पुन्हा मुरतं, ठिबकनं बरीच बचत होते, हे खरं. पण वाचलेल्या पाण्याचं काय होतं? शेजारचा अर्धा एकर उसाखाली येतो.

२०१६ चा एप्रिल आठवतो? मांजरा धरण कोरडं पडलं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. देशभर बातम्या झाल्या. त्या हिशेबानं एका एकर उसाचं पाणी म्हणजे अशा अडीच गाड्यांहून जास्त.

हे वाचून ऊस लावणाऱ्याला खलनायक ठरवायचा मोह होतो. मी मामाकडं राहिलेलो आहे, मला तो होत नाही. तुरीचा भाव कधी दहा हजार, कधी पाच. सोयाबीन बाजारात न्यायचं, ओलावा जास्त म्हणून व्यापारी भाव पाडणार. उसाला मात्र केंद्र सरकार किमान दर ठरवून देतं, कारखान्याची टोळी येऊन तोडून नेते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते वेळेवर मिळतात असं नाही, पण भांडायला कागद असतो. दुसऱ्या कुठल्या पिकाला असा कागद आहे? कृषिमूल्य आयोगानं सांगून झालंय की महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. शेतकरी हे वाचून ऊस सोडत नाही. त्याला तुरीचा भाव सांगा, मग बोलू.

पाणी कुणाचं, हे ठरलं लँकेशायरमध्ये

मामाच्या जुन्या विहिरीत चार भावांचा हिस्सा आहे. सातबाऱ्यावर तशी नोंद आहे. पाळ्या ठरलेल्या आहेत, पाळी चुकली की भांडण होतं, कधी काठ्याही निघतात. पण नियम आहे. खानदेशातली फड पद्धत बघा, नदीच्या बंधाऱ्याचं पाणी गावानं वाटून घ्यायचं, पाटकरी नेमायचा, कुठल्या फडात यंदा काय पिकवायचं तेही ठरवायचं. डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याला आपल्या लोकांनी नेहमीच नियम लावले. न दिसणाऱ्या पाण्याला मात्र पाळी नाही, तिथं शर्यत आहे.

या शर्यतीची कायदेशीर मुळं इंग्लंडमध्ये आहेत. लँकेशायरमध्ये एका सूतगिरणीची विहीर होती. जवळच कोळशाच्या खाणी खणल्या गेल्या आणि विहीर आटली. गिरणीवाला कोर्टात गेला. १८४३ मध्ये निकाल लागला तो खाणवाल्याच्या बाजूनं. न्यायाधीशांचं म्हणणं थोडक्यात असं की, जमिनीखालचं पाणी कुठून येतं नि कुठं जातं हे कुणालाच कळत नाही, तेव्हा त्याला वाहत्या नदीचे नियम लावता येत नाहीत. ज्याची जमीन, त्यानं हवं तेवढं काढावं. शेजाऱ्याचं नुकसान झालं तर ते त्याचं नशीब.

हा विचार पुढं आपल्या १८८२ च्या इझमेंट अ‍ॅक्टमध्ये उतरला. आपल्या हद्दीत, जमिनीखाली, ठरावीक प्रवाहात न वाहणारं पाणी गोळा करायचा आणि वापरायचा अधिकार जमीनमालकाला आहे, असं त्यात उदाहरणच दिलंय. १८४३ मध्ये जमिनीखालचं पाणी कळत नव्हतं हे मान्य. आज भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडं दीड हजाराच्या आसपास पाणलोटांचा हिशेब आहे. अज्ञानातून जन्मलेला नियम ज्ञान आल्यावरही तसाच राहिला, कारण तोवर ज्यांच्याकडं जमीन होती त्यांना तो सोयीचा झाला होता.

त्याचा अर्थ असाही होतो की ज्याला जमीन नाही त्याचा जमिनीखालच्या पाण्यावर काडीचा हक्क नाही. गावातली भूमिहीन बाई हापशावर घागर घेऊन उभी राहते, तेव्हा ती शेजारच्या बागायतदाराच्या मेहेरबानीवर उभी असते. त्याची मोटर चालू झाली की तिचा हापसा खडखडतो. (जाता जाता, हा हापसा मूळचा आपलाच. देशभर पोचलेल्या इंडिया मार्क टू पंपाचा पूर्वज म्हणजे मिशनच्या कामातून तयार झालेला सोलापूर पंप.)

न्यायालयांमध्ये यावर बराच खल झाला. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं की नैसर्गिक संपत्तीचा सरकार हा मालक नसून विश्वस्त आहे. केरळात प्लाचिमाडा इथं शीतपेयाच्या कारखान्यानं भूजल उपसलं, आसपासच्या विहिरी बिघडल्या, ग्रामपंचायतीनं परवाना नाकारला. डिसेंबर २००३ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सांगितलं की भूजल ही जनतेची ठेव आहे, कारखान्याला असं उपसता येणार नाही. २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं उलट भूमिका घेतली. कायद्यानं मनाई नसेल तर जमीनमालकाला रास्त प्रमाणात पाणी काढता येतं. दोन वर्षांत, एकाच न्यायालयात, एकाच विहिरीबद्दल दोन उत्तरं. तेव्हा कोर्टाच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही, कायदा करावा लागतो.

कायदा आहे, तरी

महाराष्ट्रानं कायदा केला, एक नाही, दोन. १९९३ चा पहिला साधा होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही, आणि टंचाईत जिल्हाधिकारी उपसा थांबवू शकतात. दुसरा २००९ चा, खूपच महत्त्वाकांक्षी. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो अमलात आला जून २०१४ मध्ये. त्यात साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांहून खोल ती 'खोल विहीर'. शेती आणि उद्योगासाठी अशा विहिरी नव्यानं होऊ द्यायच्या नाहीत, अधिसूचित क्षेत्रात आधीच्या खोल विहिरींवर उपकर घ्यायचा. विहिरींची नोंदणी, रिगवाल्यांची नोंदणी. पाणलोटाची समिती, तिनं दर वर्षी पाण्याचा आराखडा करायचा आणि त्यावरून पिकांचा. वर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. कागदावर हा देशातल्या चांगल्या भूजल कायद्यांपैकी एक आहे.

कायद्याला हातपाय लागतात ते नियमांचे. नियमांचा मसुदा लोकांसमोर आला २०१८ मध्ये, कायदा लागू झाल्यावर चार वर्षांनी. खोल विहिरीवर कर आणि पीक लावायला आराखडा म्हटल्यावर हरकती येणारच होत्या, त्या आल्या. त्यातल्या सगळ्या काही बड्या बागायतदारांच्या नव्हत्या. कोरडवाहू शेतकऱ्याचाही एक प्रश्न रास्त आहे. धरणाचं पाणी ज्यांना मिळालं त्यांना सत्तर वर्षं ते अनुदानानं मिळालं. ज्यांच्या वाट्याला धरण आलं नाही त्यांनी कर्ज काढून बोअर पाडली, आणि नियम लावायची वेळ आली की सरकारला आधी बोअरच दिसते.

मामाच्या गावात त्या रात्री रिगभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यात पोलीस पाटीलही होते, चहा पीत. दोनशे फुटांचा विषय त्यांच्या चेहऱ्यावर उमटलासुद्धा नाही.

आत घालणारे सगळे, बाहेर काढणाऱ्याला अडवणारा कुणी नाही

भूजलाच्या खात्याला दोनच बाजू. पाणी आत जातं, पाणी बाहेर येतं. राजकारण्यांना पहिली बाजू फार आवडते. बंधारा बांधता येतो, नाला खोल करता येतो, जेसीबी लागतो, कंत्राट निघतं, नारळ फुटतो, फोटो येतो. जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. २०२० मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं सांगितलं की भूजल पातळी वाढवण्यात तिला फारसं यश आलं नाही. यावर राजकीय धुरळा भरपूर उडाला, पण साधं कारण मागं पडलं. नाल्यात अडवलेलं पाणी मुरलं, तशा त्याच नाल्याच्या काठावर नव्या विहिरी झाल्या. खात्यात पैसे भरले आणि एटीएम कार्डं दुप्पट वाटली, तर शिल्लक कशी वाढणार?

शेततळ्यांचं त्याहून विचित्र. कल्पना अशी की पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं. प्रत्यक्षात द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात फिरा. उंचावर बांध घातलेलं, प्लास्टिक अंथरलेलं तळं, आणि त्यात पडणारी बोअरची जाड धार. विहिरीला पाणी आहे तोवर जमिनीखालचं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या आधी आपल्याला मिळेल. तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात वीसेक लाख लिटर मावतं. जानेवारी ते मे त्यातलं सुमारे मीटरभर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. शर्यतीत हे शहाणपणाचंच आहे. मामाची ऐपत असती तर त्यांनीही केलं असतं.

दुसरी बाजू, म्हणजे उपशाला आवर, तिकडं कुणी फिरकत नाही. उलट वीज फुकट. २००४ च्या निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारनं शेतीपंपांना मोफत वीज दिली, निवडणूक झाल्यावर ती गेली. २०२४ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या वर्षात, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, पंप तेच. वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री, म्हणून प्रत्येक स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. लाइट आली की मोटर आपोआप चालू. पिकाला गरज आहे का हे त्या ऑटोला कळत नाही. मध्यरात्री भरलेल्या सऱ्यांमधून पाणी बांधावरून वाहताना मी पाहिलंय.

मग उपशाला आवर घालताच येत नाही का? पंजाबनं घालून पाहिला. २००९ च्या त्यांच्या कायद्यात बोअर मोजायचा विचारच नाही. त्यांनी एक तारीख दिली, १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. कडक उन्हाळ्यातलं बाष्पीभवन वाचवायचं, एवढाच हेतू. हे पाळलं गेलं, कारण लावलेलं भात रस्त्यावरून दिसतं. बोअरची खोली दिसत नाही. पण त्याचाही काटा दुसरीकडं टोचला. लावणी पुढं गेली तशी कापणी पुढं गेली, गव्हाच्या पेरणीआधीचे दिवस कमी उरले, आणि खुंट जाळून रान मोकळं करायची घाई वाढली. दिल्लीच्या हिवाळी धुराच्या कारणांमध्ये हेही एक मोजलं जातं.

आपल्याकडं मोजमापाचीही एक गंमत आहे. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतात आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. टँकरच्या नियोजनाला हे ठीक आहे. पण पातळी दर वर्षी थोडी थोडी खाली जात असेल, तर सरासरीही तिच्याबरोबर खाली जाते. तापलेल्या माणसाचा ताप कालच्या तापाशी ताडावा, तसं.

जिथं पाळी लागली

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. ते इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेले. त्यांचं सूत्र वाचायला सोपं, पचायला अवघड. पाणी जमिनीवर ठरणार नाही, माणसांवर ठरणार. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, घरटी कमाल अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस नाही. १८८२ च्या कायद्यानं जमीन आणि पाणी यांची जी गाठ मारली, ती एका दुष्काळी गावानं कुठल्याही न्यायालयात न जाता सोडली होती. पुढं ही पद्धत राज्याचं धोरण झाली नाही याचं नवल वाटत नाही. अडीच एकरांवर थांबायला तयार असलेला आमदार मला तरी माहीत नाही.

हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे, पण चुकीच्या कारणासाठी. लोक तिथं चर, बंधारे, झाडं बघायला जातात. पोपटराव पवार आणि गावानं खरी अवघड गोष्ट केली ती दुसरी. शेतीसाठी बोअर बंद. ऊस आणि केळी बंद. दर वर्षी पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसं-जनावरांच्या पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. पाऊस कमी तर रब्बीला कात्री. ज्या गावांनी यातले फक्त बंधारे उचलले ती पाच-सात वर्षांत मूळ जागी आली. केंद्राच्या अटल भूजल योजनेनं सात राज्यांत हा ताळेबंद गावांच्या भिंतींवर आणला हे चांगलं झालं. पण ताळेबंदात तूट दिसली तर पुढं काय, याचं उत्तर भिंतीवर रंगवता येत नाही. ते कुणाला तरी 'नाही' म्हणून द्यावं लागतं. हिवरे बाजारात ते म्हणणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची होती, एका मंदिरात बसत होती. तालुक्याला तो 'नाही' कोण म्हणणार, हा प्रश्न २००९ च्या कायद्यानंही पाणलोट समितीवर ढकलून दिलाय.

पुण्या-मुंबईत हे वाचणाऱ्यांनी फार निवांत बसू नये. पुण्याखालीही तोच बसाल्ट आहे. धरणं चार असूनही उपनगरातल्या सोसायट्या आवारात बोअर पाडतात, ती आटली की दुसरी, आणि मग टँकर. तो टँकर कुठून भरला जातो? शहराच्या कडेच्या कुणातरी शेतकऱ्याच्या विहिरीवर. त्याला उसापेक्षा पाणी विकणं परवडतं, आणि १८८२ च्या कायद्यानं ते त्याचंच आहे.

मामाची आठशे ऐंशी फुटांची बोअर दुसऱ्या मे महिन्यात बंद पडली. सातबाऱ्यावर तिची नोंद कधी झालीच नाही, तिथं अजून जुनी विहीर आणि भावांचे चार हिस्सेच आहेत. परवा दिवाळीला गेलो होतो. यंदा पाऊस झोडपून झालाय, विहिरीला पाणी पंधरा फुटांवर आलंय, पाळ्या पुन्हा सुरू झाल्यात. मामा काठावर बसून पाण्यात खडा टाकत होते.

"पाणी बरं आहे यंदा," ते म्हणाले. "एकरभर ऊस लावावा म्हणतो."